सुधारलेलं घर

जुलै लागला की आमच्या दवाखान्यात धडधाकट माणसं रांग लावतात. एरवी आमच्याकडं ताप, खोकला, विंचू, बाळंतपणं. पण प्रवेशाचे दिवस आले की ओपीडीच्या बाकावर बारावी झालेली पोरं-पोरी बसलेली दिसतात. छातीशी प्लॅस्टिकची फाइल, हातात नुकते काढलेले, अजून ऊन असलेले झेरॉक्स. त्यांना आजार काहीच नसतो. ‘ही मुलगी शिकायला तंदुरुस्त आहे’ एवढं माझ्या सहीनं लिहून हवं असतं. छातीला नळी लावली की ठोके धावत असतात. मी म्हणते, श्वास घे ग बाई, हे काय पेपर तपासणं नव्हे. मग ती हसते आणि ठोके जरा जागेवर येतात.

औशाजवळच्या या सरकारी रुग्णालयात मी डॉक्टर आहे. परवा असाच एक बाप मुलीला घेऊन आला. मुलीच्या कागदावर आडनाव टेकाम. म्हणजे आमचीच, गोंड. बापानं इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि गळ्याचं बटणही लावलं होतं, इतक्या उकाड्यात. मी सहज विचारलं, जातीच्या दाखल्याची व्हॅलिडिटी झाली का. बाप एकदम ताठ झाला. म्हणाला, “चौकशीला येणार हायत मॅडम. घर रंगवून घेतलंय.”

माझा शिक्का हातातच राहिला. त्या माणसाला बाजूला घेऊन चार गोष्टी सांगायला हव्या होत्या. पण बाहेर रांग होती, मदतनीस पुढचं नाव पुकारत होता, आणि खरं म्हणजे कुठून सुरुवात करावी हे मला कळेना. मी शिक्का मारला, ‘होईल सगळं नीट’ असं काहीतरी पुटपुटले. तो दिवस मग नासलाच. माझ्या डोक्यात आमच्याच घराच्या रंगाचा वास बसला होता.

आमचं घर तेव्हा रेणापूरला होतं. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. मूळचे माहूरच्या डोंगरापलीकडच्या एका वाडीतले, पण नोकरी लागल्यापासून इकडंच. कागदावर आडनाव मडावी, पण गावात सगळे माहूरकर गुरुजी म्हणायचे आणि बाबांनी ते कधी कुणाला दुरुस्त केलं नाही. माहूरकर म्हटलं की समोरचा हात जोडायचा, रेणुकामातेच्या गावचे म्हणायचा. मडावी म्हटलं की पुढचा प्रश्न यायचा. तो प्रश्न येऊ नये एवढ्यासाठी आमचं सगळं घर चालायचं म्हणा ना. बाबांचं मराठी इतकं स्वच्छ की तालुक्याचे साहेबसुद्धा भाषण लिहून घ्यायला त्यांच्याकडं यायचे. घरात ‘न्हाई’ म्हटलं तरी बाबा पुस्तकातून मान वर करायचे. मग आम्ही ‘नाही’ म्हणायचो.

मी सहावीत असताना शाळेच्या गॅदरिंगला आदिवासी नृत्य बसवलं होतं. गालांना काजळाचे पट्टे, कमरेला कागदी पानं, हातात बांबू, आणि तोंडानं काहीतरी हू-हा. बाईंनी मला पहिल्या ओळीत घेतलं, कारण माझा ताल पक्का. त्या ओळीत एकटीच खरी आदिवासी मी होते आणि हे फक्त दोघांना माहीत होतं, मला आणि समोर बसलेल्या बाबांना. नाच संपल्यावर लोक पोट धरून हसत होते. बाबांनी टाळ्या वाजवल्या. मीही बाकीच्या पोरींसारखी वाकून नमस्कार केला. घरी आल्यावर काजळ निघता निघेना, गाल लाल होईपर्यंत आई चोळत राहिली.

दहावीनंतर मी लातूरला आले. लातूरचं काय सांगू. ज्या गल्लीत बघाल तिथं पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो टांगलेले, मेसचा डबा, पंखा फिरतो पण वारा लागत नाही अशी खोली, आणि दर रविवारी टेस्ट. खोलीतली माझी मैत्रीण औशाकडची, घरचं बक्कळ रान, मनानं मोकळी. तिच्या घरून शेंगदाण्याची चटणी आली की आधी माझ्या ताटात वाढायची. एकदा निकालानंतर तीच सहज म्हणाली, तुझं बरंय बाई, तुम्हाला कमी मार्कांवर लागतंय. वाईट मनानं बोलली नाही, तिथं हवेतच असायचं ते. त्या टेस्टमध्ये मला तिच्याहून जास्त मार्क होते. मी ताट उचललं आणि नळावर जाऊन उगाच खूप वेळ घासत बसले.

नीटचा निकाल लागला. मला मेडिकलची जागा मिळाली, आमच्या जमातीसाठी राखून ठेवलेली. पण तात्पुरती. जातीचा दाखला होता, तेवढ्यानं भागत नव्हतं. तो दाखला खरा आहे अशी पडताळणी समितीची मोहर ठरलेल्या मुदतीत आणली तर जागा पक्की, नाहीतर गेली. नियम साधा होता. तो कुणी आमच्यावर सूड म्हणून केलेला नव्हता हेही मला माहीत आहे. खोटे दाखले काढून आमच्या जागा खाणारे निघाले, म्हणून तर पडताळणी हवी अशी मागणी आमच्याच माणसांनी केली होती. माझ्या आत्याचा नवरा त्या मागणीच्या मोर्चात उन्हातान्हात चालला होता. चोर अडवायला कुलूप लावलं आणि मग घरच्यालाच दारात उभं करून विचारलं, हे घर तुझंच कशावरून.

समितीचं दक्षता पथक चौकशीला घरी येणार असं कळलं आणि बाबांनी रजा टाकली. घराला आतून-बाहेरून रंग दिला, पिस्ता रंगाचा. ओल्या दिवसात रंग वाळेना, दोन रात्री आम्ही त्या वासात झोपलो. गणपतीची मोठी तसबीर आणली. शेजारून कपबशा मागून आणल्या. एका कोनाड्यात आईनं माहेरून आणलेली मोरपिसांची जुडी असायची, दिवाळीत आमच्याकडं गुसाडी नाचतात त्यांच्या टोपातली. बाबांनी ती कापडात गुंडाळून पलंगाखालच्या पेटीत टाकली. आई म्हणाली, राहू द्या की. बाबा म्हणाले, धूळ धरते.

दोघंजण आले. एक पोलीस खात्यातले, ते गप्पच होते. दुसरे संशोधन अधिकारी, मऊ बोलणारे, वयानं बाबांच्या बरोबरीचे. त्यांनी विचारायला सुरुवात केली आणि बाबा उत्तरं देत गेले. कुलदैवत? रेणुकामाता. सण? दिवाळी, गणपती, संक्रांत, जसे सगळ्यांचे. मयत झाल्यावर काय करता? दहन, दहावा, तेरावा, सगळं विधिवत. लग्न कसं लागतं? मंगलाष्टका, कन्यादान. इथं आई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, “आमचं लगीन तर ह्यांच्याच दारी...” बाबांनी तिच्याकडं नुसतं पाहिलं. आमच्यात नवरी नवऱ्याच्या दारी नेऊन लग्न लावायची चाल आहे, हे मला पुढं कळलं. आई उरलेलं वाक्य गिळून आत गेली आणि दुधाचं भांडं उगाच ढवळत राहिली.

मग साहेबांनी विचारलं, गोंडी येते का? बाबा हसले. इतकं मोकळं हसताना मी त्यांना क्वचित पाहिलंय. म्हणाले, “नाही हो साहेब. आमच्याकडं शुद्ध मराठीच.”

मलाही विचारलं. तुमच्या लोकांचं एखादं गाणं येतं का, नाच? मी म्हटलं, नाही सर, माझं सगळं लक्ष अभ्यासात असतं. बाबांनी कौतुकानं माझ्याकडं पाहिलं. साहेब लिहीत होते. उठताना पोह्यांची तारीफ केली, घरभर नजर फिरवली आणि म्हणाले, “फारच सुधारलेलं कुटुंब आहे गुरुजी तुमचं.”

बाबांचा चेहरा काय फुलला होता. तालुक्याच्या आदर्श शिक्षक सत्काराला फुलला नव्हता इतका. गाडी वळेपर्यंत ते फाटकात हात जोडून उभे होते. मग स्वतः जाऊन पेढे आणले. आम्ही तिघांनी ते खाल्ले. आजही पेढ्याचा वास आला की माझी मान खाली जाते, लोकांना वाटतं गोड आवडत नाही हिला.

समितीची नोटीस आली तेव्हा मी लातूरला खोली आवरत होते. बाबांनी ती फोनवर वाचून दाखवली, त्यांच्या त्या स्वच्छ उच्चारात. सदर कुटुंबाच्या चालीरीती, दैवते व भाषा यांचा गोंड जमातीशी संबंध दिसून येत नाही. आपला दावा का नाकारू नये याचा खुलासा सुनावणीस हजर राहून करावा. वाचून झाल्यावर कागदाची घडी घातल्याचा आवाज आला. मग म्हणाले, हात दाखवून अवलक्षण केलं ग मी.

पण मला विचाराल तर हा काही त्यांच्या एकट्याचा हात नव्हता. सरकारनं आमच्यासाठी जागा ठेवली हे खरं, आणि ती नसती तर आज मी कुणाच्या छातीला नळी लावत नसते हेही खरं. पण त्याच सरकारच्या शाळेत बाबांनी गोंडीत पाणी मागितलं म्हणून छडी खाल्ली होती. शिका, सुधारा, नीट बोला, माणसात या. आले बिचारे. जीव तोडून आले. आणि आल्यावर दारात साहेब उभा, की तुम्ही तर माणसात आलात, मग आदिवासी कसले? मार्क पडायला पुरेसं शिकलेलं पाहिजे आणि विश्वास बसायला पुरेसं रानटी पाहिजे. या दोन्हीत बसणारं माणूस कुठल्या कारखान्यात तयार होतं ते काही मला अजून कळलेलं नाही. बरं, कोकणातला बामण शहरात येऊन बूट घालून इंग्रजी फाडायला लागला तर त्याला कुणी विचारत नाही की बामण असल्याचा पुरावा काय. आम्हाला मात्र देव पाठ पाहिजे.

मग मी देव पाठ करायला घेतले. हसू नका, खरंच. बाबांनी मला वाडीवर आत्याकडं नेऊन सोडलं. पाऊस लागून राहिला होता, सागाची पानं ताटाएवढी झाली होती, आणि मी ओसरीत वही घेऊन आत्याला प्रश्न विचारत होते. आमच्यात कुळं देवांच्या संख्येवरून ओळखतात, म्हणून पहिला प्रश्न तोच, आपलं कूळ किती देवांचं? सोयरीक कुणाशी चालते, कुणाशी नाही? पेर्सापेन, म्हणजे आपला थोरला देव, त्याची पूजा कधी? आत्या तांदूळ निवडता निवडता सांगायची, मध्येच दुसरंच काहीतरी आठवून हसायची. मला तिचं हसणं नको होतं, मुद्दे हवे होते. मी रकाने पाडले. लक्षात राहावं म्हणून देवांच्या आद्याक्षरांचा एक शब्द बनवला, जीवशास्त्राला बनवायचे तसा. पक्का लातूर पॅटर्न. आत्या बराच वेळ माझ्याकडं बघत राहिली आणि म्हणाली, “लई शिकलीस ग पोरी. तुला देव बी परीक्षेलाच आला व्हय?”

एकदा तिनं आतून ‘येर’ मागितलं. मी तशीच बसून राहिले. परत म्हणाली, मी परत बसून. शेवटी ती स्वतः उठली आणि माठातलं पाणी घेऊन प्याली. रागावली नाही. पण ती उठताना गुडघ्यावर हात ठेवून उठली ते मी पाहिलं, आणि मला त्या ओसरीतून पळून जावंसं वाटलं.

सुनावणीला आम्ही पहाटेच्या एसटीनं गेलो. समितीच्या कार्यालयाबाहेर आमच्यासारखी खूप माणसं होती. एका म्हाताऱ्यानं पोराच्या केससाठी घोंगडी, तुंबडं, असं काय काय पिशवीत भरून आणलं होतं आणि तो शिपायाला विचारत होता, हे आत न्यायला चालतंय का. मी नजर वळवली. माझ्या डोक्यातही तसलीच पिशवी होती.

आत तीन साहेब. विचारलं ते सगळं मला येत होतं. पहिल्या प्रश्नाला मी जी सुटले ती थांबेचना. देव, कुळं, सोयरिकी, लग्न कुणाच्या दारी, मयताला पुरतात कसं, दंडारीचा नाच कधीपासून कधीपर्यंत. क्रमानं, न अडखळता, श्वास न घेता. मधल्या साहेबांनी हात वर करून थांबवलं. म्हणाले, “पाठ करून आलीस का बाळ?”

माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या. होय म्हणावं तर खोटी, नाही म्हणावं तरी खोटी. जमिनीनं पोटात घ्यावं म्हणतात ते कसं असतं ते मला त्या खुर्चीवर कळलं. साहेबांनी अहवालाचं पान उलटलं. त्या पानावर पिस्ता रंगाचं आमचं घर होतं, पोहे होते, आमचं शुद्ध मराठी होतं. माझी मेडिकलची जागा आता त्या टेबलावरून घरंगळत चालली होती.

तेव्हा बाबा उभे राहिले. त्यांनी शर्ट नीट केला, सवयीनं, फळ्याकडं वळायच्या आधी करायचे तसा. आणि ते बोलायला लागले ते मला कळेना. माझ्या बापाच्या तोंडून, माझ्या बापाच्याच आवाजात, एक अक्षर मला कळत नव्हतं. पहिल्यांदा अडखळत, मग भरभर. हात हलत होते. वर्गात बाबांचे हात कधी हलत नसत. कडेला बसलेले वयस्कर साहेब पूर्वी किनवटकडं नोकरी केलेले असावेत, त्यांनी पेन खाली ठेवलं. त्यांनी त्याच भाषेत मोडकंतोडकं काहीतरी विचारलं. बाबांनी उत्तर दिलं आणि माझ्याकडं बोट केलं. बाकीचे दोन साहेब एकमेकांकडं बघत होते, आणि मी त्यांच्याकडं. त्या खोलीत न समजणारे आम्ही तिघं एका बाजूला होतो.

बाहेर आल्यावर एसटी स्टँडवर बाबांनी चहा सांगितला. बशीत ओतून प्यायले, घरी कधी पीत नसत तसे. मी विचारलं, काय बोललात आत. त्यांनी ऐकू न आल्यासारखं केलं. मी पुन्हा विचारलं. मग रस्त्याकडं बघत म्हणाले, “म्हटलं, पोरीला आपलं काही येत नाही, हे खरं आहे साहेब. तिनं चार दिवसांत घोकलंय. पण दोष तिचा नाही. मला लाज वाटायची, म्हणून मी ते तिच्यापर्यंत येऊच दिलं नाही. काय लिहायचं ते माझ्या नावावर लिहा. तिची जागा काढू नका.”

“हेच मराठीत सांगायचं ना बाबा. तिघांनाही कळलं असतं.”

“तू समोर बसली होतीस ना.”

मुदत संपायच्या आत व्हॅलिडिटी आली. जागा राहिली. मी डॉक्टर झाले. बाबांनी त्या कागदाला लॅमिनेशन केलं, पण भिंतीवर लावलं नाही, कपाटात ठेवलं. त्या सुनावणीबद्दल आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. गोंडीही त्यांच्या तोंडून पुन्हा कधी ऐकली नाही.

आता ते निवृत्त होऊन माझ्याकडंच असतात. आई गेली. संध्याकाळी मी दवाखान्यातून येते तेव्हा ते गॅलरीत पेपर वाचत असतात. त्या टेकाम मुलीच्या बापाला काही न सांगता पाठवलं त्या दिवशी मी घरी आले, चपला काढल्या, आणि त्यांच्याजवळ खुर्ची ओढून म्हटलं, बाबा, मला गोंडी शिकवा. रोज थोडी थोडी. मनापासून म्हटलं.

बाबांनी चष्मा काढला, माझ्याकडं नीट पाहिलं. त्यांना खरंच कळलं नव्हतं मी काय मागतेय. मग मायेनं, पोरीचा शीण घालवावा अशा सुरात म्हणाले, “आता कशाला ग? व्हॅलिडिटी मिळाली की.”

मी हो म्हटलं. उद्या लवकर उठायचं होतं, जेवण करायचं होतं, फोन वाजत होता. आणि खोटं कशाला बोलू, त्यांनी नाही म्हटल्यावर मला आधी सुटल्यासारखंच वाटलं. लाज वाटली ती नंतर, भाकरी थापताना.